बंदूक, परवाना आणि राज्याची वेस

भारतात बंदुकीचा परवाना माणसाच्या राहत्या पत्त्याला बांधलेला असतो. वसईच्या पाचूबंदरात राहणाऱ्याने तो मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडेच मागायचा. धंद्यानिमित्त आठवड्यातून तीनदा वापीला किंवा दमणला जाणे असले, तरी तिथल्या कचेरीत जाऊन ‘राहतो वसईला, पण ये-जा इथे असते, तेव्हा इथलाही एक परवाना द्या’ असे म्हणण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशी सोय आहे. बाहेरच्या राज्यातल्या माणसालाही अंगावर बंदूक बाळगण्याचे परमिट तिथे मिळते. भारतात त्या जागी एकच परवाना आणि त्यावरची एकच ओळ आहे: कार्यक्षेत्र. त्या ओळीत ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर बंदूक तलासरीपर्यंत कायदेशीर. अच्छाडचा नाका मागे टाकून गाडी गुजरातेतल्या भिलाडला लागली की बंदूक तीच, मालक तोच, काडतुसेही तीच, पण कागद अपुरा. या किनाऱ्यावरच्या माणसाला राज्याची वेस कळते ती दमणच्या दारूच्या बाटलीमुळे. बंदुकीची वेसही तिथेच आहे. फरक इतकाच की बाटलीचा कायदा सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि बंदुकीचा तिच्या मालकालाही नसतो.

सगळ्याचे मूळ १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. त्याआधी १८७८ चा इंग्रजी अमदानीतला कायदा होता. हिंदी रयतेच्या हातातली हत्यारे काढून घेणे हाच त्याचा खरा हेतू, आणि गोऱ्यांना त्यातून सूट होती. स्वतंत्र भारताने तो रद्द करून नवा कायदा केला; १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला आणि सोबत नियमही आले. ते नियम जाऊन आता २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. कायद्याचे कलम ३ सांगते की परवान्याशिवाय बंदूक घ्यायची नाही, बाळगायची नाही, न्यायची नाही. एका माणसाकडे पूर्वी तीन बंदुका चालत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. बंदूक बाळगणे हा भारतात हक्क नाही. ती सवलत आहे आणि ती देणे न देणे परवाना अधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून आहे. राज्याबाहेर बंदूक नेण्याचा विचार करायचा तो हे गृहीत धरूनच.

परवाना अधिकारी कोण, हा प्रश्न वसईत वाटतो तितका साधा नाही. जिथे पोलीस आयुक्त नाही तिथे जिल्हाधिकारी म्हणजेच जिल्हा दंडाधिकारी परवाना देतो. जिथे आयुक्तालय आहे तिथे पोलीस आयुक्त. वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या दिवशी पालघर जिल्हा झाला आणि ठाण्याचे काम पालघरला गेले. पुढे १ ऑक्टोबर २०२० रोजी मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि काम मिरा रोडला आले. म्हणजे २०१० साली बंदूक घेतलेल्या वसईकराने आपल्या जागेवरून न हलता तीन कचेऱ्या पाहिल्या. जुन्या पुस्तकावर ठाण्याचा शिक्का, मधल्या नूतनीकरणावर पालघरचा आणि आताच्या पानावर आयुक्तालयाचा, असा कागद परराज्यातल्या हवालदाराच्या हाती पडला की तो आधी गोंधळतो आणि मग संशय घेतो. पाचूबंदरासमोरची खाडी ओलांडून भाईंदरला उतरले की जिल्हा बदलतो, आयुक्तालय मात्र बदलत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाल्यापासून मिरा रोडच्या कचेरीचा फेरा तेवढा सोपा झाला आहे.

गोंधळावर उतारा म्हणून प्रत्येक परवान्याला आता एक विशिष्ट ओळख क्रमांक असतो. सगळे परवाने राष्ट्रीय माहितीकोशात चढवायचे ठरले, त्याला अनेकदा मुदतवाढ मिळाली, आणि अखेर जून २०२० नंतर असा क्रमांक नसलेला परवाना ग्राह्य धरायचा नाही असे झाले. आजोबांची बारा बोअर, वडिलांच्या नावावर केलेला परवाना आणि कपाटातले पिवळे पडलेले पुस्तक एवढ्यावर समाधान मानून बसलेल्या कुटुंबांना हे फार उशिरा कळले. राज्याबाहेर जाणाऱ्याने पहिल्यांदा पाहायचे ते हेच: क्रमांक आहे का आणि तो संगणकावर दिसतो का. सुरतेच्या पोलीस ठाण्यातला अधिकारी वसईला फोन लावत बसत नाही, तो क्रमांक टाकून पाहतो.

नव्याने परवाना मागणाऱ्याला ठरलेल्या नमुन्यात अर्ज, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. अर्ज पोलीस ठाण्याकडे चौकशीला जातो. पाचूबंदरच्या माणसाची चौकशी वसई पोलीस ठाण्यातून होते: गुन्हे आहेत का, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वाद आहेत का, बंदूक मागण्याचे कारण खरे आहे का. नियमांत मुदती आहेत, पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवालानंतर निर्णयाला ६०. प्रत्यक्षात त्या मुदतींवर विसंबून कुणी वापीचे बुकिंग करीत नाही.

कारण काय द्यायचे, यावर निम्मा निकाल ठरतो. नियम तीन तऱ्हेच्या लोकांचा विचार करायला सांगतात. धंदा, व्यवसाय किंवा नोकरीच्या स्वरूपामुळे ज्याला जिवाचे वा मालमत्तेचे रक्षण खरोखर करावे लागते तो. नेमबाजीत दोन वर्षे सातत्याने असलेला खेळाडू. आणि सैन्यदल, निमलष्करी दल वा पोलिसांत नोकरी केलेला. वसईत पहिल्या गटात सराफ आणि बांधकाम व्यावसायिक, तिसऱ्यात निवृत्त जवान. मच्छीमाराला बंदूक लागत नाही. बोटीवर जाळे, बर्फ, डिझेल आणि वायरलेस यांचे काम असते, हत्याराचे नाही. मात्र कोळीवाड्यातल्या एखाद्या निवृत्त नौसैनिकाने अर्ज केला आणि त्याच्या नावावर जमीन-घर नसले, तर तेवढ्यावरून त्याला नकार देता येत नाही. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारायचा नाही, असे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. ते वाक्य फार थोड्या अर्जदारांना माहीत असते. नकार लेखी कारणासह मिळतो आणि त्यावर अपील आहे: जिल्हाधिकाऱ्याने नाकारले तर विभागीय आयुक्ताकडे, पोलीस आयुक्ताने नाकारले तर राज्य शासनाच्या गृह विभागाकडे.

कोकणात आणखी एक प्रकार जुना आहे, पीक संरक्षणाचा परवाना. रानडुकरे आणि माकडे यांच्यापायी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यांकडे ठासणीच्या बंदुका असतात. दारू ठासून, छर्रे भरून, वात किंवा टोपी उडवून वापरायच्या. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी वा खेळासाठी वीस इंचांहून कमी नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्याकडे कायदा जरा मऊ नजरेने पाहतो. पण हा परवाना पिकापुरता, म्हणजे शेतापुरता. बांद्याच्या शेतकऱ्याने ती बंदूक खांद्याला लावून सीमेपलीकडे गोव्यात पाहुण्याकडे डुक्कर मारायला जायचे नसते. बांदा आणि पत्रादेवी यांच्यामध्ये रस्ता तोच, माणसे एकमेकांच्या नात्यातली, रानडुक्कर तर सीमा जाणतच नाही. परवाना तेवढा जाणतो.

आता कार्यक्षेत्राची ओळ. ती जिल्ह्यापुरती, राज्यापुरती किंवा देशभराची असू शकते. परवानाधारकांच्या तोंडी तिसऱ्या प्रकाराला ‘ऑल इंडिया करून घेणे’ म्हणतात, आणि हे ‘करून घेणे’ वेगळ्या अर्जाने होते. मूळ परवाना हातात असला तरी विस्तार आपोआप मिळत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने ३१ मार्च २०१० रोजी शस्त्रधोरण जाहीर केले, त्यात अखिल भारतीय विस्तारासाठी काही गट नेमून दिले होते: केंद्रीय मंत्री व खासदार, सैन्यदले व निमलष्करी दलांतले लोक, अखिल भारतीय सेवांतले अधिकारी, देशात कुठेही बदली होऊ शकते असे अधिकारी आणि खेळाडू. सराफ त्या यादीत नाही. बिल्डर नाही. वसईहून सुरतेला हिऱ्याचे पाकीट नेणारा दलालही नाही. यादीबाहेरच्या माणसाने आपली गरज कागदोपत्री सिद्ध करायची. दुसऱ्या राज्यात दुकान असेल तर त्याची नोंदणी, कारखाना असेल तर कामाचे करार, धमकी आली असेल तर तिथल्या ठाण्यातली तक्रार. ‘अधूनमधून जावे लागते’ हे कारण अर्जात लिहिणारे पुष्कळ आणि त्यावर विस्तार मिळालेले विरळा. परवाना अधिकाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यात गैर काही दिसत नाही. देशभर फिरणाऱ्या हत्याराची जबाबदारी शेवटी त्याच्या सहीवर येते.

विस्तार एकदा मिळाला म्हणजे कायमचा, असेही नाही. मुदत संपली की नूतनीकरणाबरोबर त्याचा पुन्हा विचार होतो. नूतनीकरणाच्या घाईत मूळ परवाना पुढे चालू राहतो आणि कार्यक्षेत्राचे पान मागे पडते. नवीन पुस्तक हाती आल्यावर पहिल्यांदा ती ओळ वाचायची, फोटो कसा आलाय ते नंतर.

एक-दोन फेऱ्यांसाठी देशभराचा विस्तार मागण्यात अर्थ नसतो. नियमांत तात्पुरत्या प्रवासासाठी परवान्याची तरतूद आहे. कुठून कुठे, कोणत्या तारखांना, कोणते हत्यार, किती काडतुसे, हे लिहून तो मागायचा. नेमबाजीच्या स्पर्धेला जाणाऱ्याला आणि बंदूक घेऊन कायमचे गाव सोडणाऱ्याला ही वाट जास्त उपयोगी. तिसरी परिस्थिती प्रत्यक्षात सर्वांत जास्त आढळते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते: माणूस वसईचा, पण नोकरी दुसरीकडे. निवृत्त जवान बारा बोअर घेऊन सिल्वासाच्या बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारात उभा राहतो, शनिवारी घरी येतो. त्याच्या परवान्यात दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव या केंद्रशासित प्रदेशाचा समावेश हवा. मुक्कामच तिकडे हलवला तर ठरलेल्या मुदतीत नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला कळवून परवान्याची नोंद तिथे करून घ्यावी लागते. परराज्यातला माणूस तिथला परवानाधारक होतो तो असा, पत्ता बदलून. पत्ता वसईचाच ठेवून तिथला परवाना मागता येत नाही.

राज्याराज्यांत परवान्यांचे प्रमाण किती वेगवेगळे आहे ते गृह मंत्रालयाच्या आकड्यांत दिसते. ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. आणि वसईहून दोन-तीन तासांवर असलेल्या दमण-दीवमध्ये १२५, दादरा-नगर हवेलीतही १२५. ज्या भागात सगळे मिळून अडीचशे परवाने होते तिथल्या पोलिसाला बाहेरून आलेला पिस्तूलधारी दिसला तर तो त्याला चहा विचारणार नाही.

बंदूक लपवून बाळगायची की उघड, या प्रश्नावर भारत आणि अमेरिका यांची वाट अगदी उलटी आहे. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी उघड बाळगणे जुन्या रिवाजात बसते आणि कपड्याखाली लपवून नेण्यासाठी वेगळे परमिट काढावे लागते. भारतात झाकणे हीच अट आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत असायला हवे, लांब बंदूक तिच्या खोळीत. ते पूर्णपणे झाकलेले हवे आणि त्यावर नेणाऱ्याचा ताबा हवा. म्हणजे कमरेच्या पट्ट्याला होल्स्टर, त्यावर सदरा सोडलेला, आणि खुर्चीत बसताना सदरा वर सरकणार नाही याची काळजी. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले रिव्हॉल्व्हर, फोटोसाठी टेबलावर मांडलेले पिस्तूल, कार्यकर्त्यांच्या घोळक्यात मुद्दाम दिसेल असे खोचलेले हत्यार, हे सगळे अटींच्या बाहेर. हळदीत नाहीतर वरातीत हवेत बार काढणाऱ्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीत स्वतंत्र शिक्षा आली: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा लपवून नेण्याचा वेगळा परवाना मागायचा प्रश्नच इथे येत नाही. परवाना मिळाला की लपवणे बंधनकारक.

रस्त्याने जाताना मूळ परवाना जवळ हवा, छायाप्रत नव्हे. पोलिसाने मागितला तर दाखवावा लागतो. दाखवता आला नाही तर हत्यार जप्त करण्याचा अधिकार त्याला आहे. पश्चिम रेल्वेने जाणाऱ्याला डहाणू, घोलवड, बोर्डी रोड ही स्थानके महाराष्ट्रात आणि पुढचे उमरगाव गुजरातेत हे ठाऊक असते, पण डब्यात बसलेल्याला मधली रेषा कुठे गेली ते दिसत नाही. विमानाचा प्रवास उलट सर्वांत सोपा, कारण तिथे प्रत्येक पायरी ठरलेली आहे. कंपनीला आधी कळवायचे, चेक-इनच्या वेळी हत्यार जाहीर करायचे, ते रिकामे करून सामानात द्यायचे, काडतुसे वेगळी बांधायची. साधारण एक हत्यार आणि ५० काडतुसे एवढीच मुभा असते. हातातल्या बॅगेत काहीही चालत नाही. विमानतळावर खरी अडचण होते ती विसरलेल्या काडतुसाची. शिकारीच्या किंवा नेमबाजीच्या जुन्या बॅगेच्या अस्तरात राहिलेले एखादे काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसते आणि प्रवासी विमानाऐवजी पोलीस ठाण्यात पोहोचतो. अशा वेळी न्यायालये ‘जाणीवपूर्वक ताबा’ होता का ते पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात आणि १९९४ च्या संजय दत्त प्रकरणात या कल्पनेचा ऊहापोह केला, आणि तिच्या आधारे पुढे अनेक उच्च न्यायालयांनी एकट्यादुकट्या काडतुसाचे गुन्हे रद्द केले. पण ते सगळे वकील करून, महिनोन्‌महिने तारखा घालवून.

परवाना देशभराचा असला तरी काही दिवस आणि काही जागा त्याच्या बाहेर राहतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त आणि जिल्हा प्रशासन वारंवार शस्त्रबंदीचे आदेश काढतात. गणपती, मोहरम, निवडणुका, मोर्चे अशा वेळी ते हमखास निघतात. दुसऱ्या राज्यात हेच काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली होते. १ जुलै २०२४ पूर्वी ते कलम १४४ म्हणून सगळ्यांच्या ओळखीचे होते. पाहुणा माणूस हे आदेश वाचत नाही, आणि ‘माहीत नव्हते’ हा बचाव होत नाही. निवडणुकीच्या काळात तर परवानाधारकाला हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले जाते. पूर्वी सरसकट सगळ्यांना नोटिसा जात. गोव्यातल्या एका परवानाधारकाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येक परवान्याची छाननी समितीमार्फत तपासणी करण्याची पद्धत घालून दिली. निवडणूक आयोगाने ती पुढे देशभर लावली. तरी आचारसंहितेत बंदूक घेऊन परराज्यात जाणे हा शहाणपणा नव्हे.

कार्यक्षेत्राबाहेर बंदुकीसह सापडल्यास काय होते, यावर न्यायालयात नेहमी ओढाताण चालते. परवान्याची अट मोडली एवढाच गुन्हा धरला तर कलम ३० लागते: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या जागी परवानाच नव्हता असे धरले तर कलम २५ लागते, आणि त्यात २०१९ नंतर किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे. पोलीस जड कलम लावतात, आरोपीचा वकील हलके मागतो. देशाला ठाऊक असलेला या जातीचा खटला जोधपूरचा. १९९८ मध्ये ‘हम साथ साथ हैं’च्या चित्रीकरणासाठी गेलेल्या सलमान खानवर काळवीट शिकारीच्या प्रकरणाबरोबरच, मुदत संपलेल्या परवान्यावर हत्यारे बाळगल्याचा आरोप ठेवण्यात आला. परवाना मुंबईचा, हत्यारे राजस्थानात. १८ जानेवारी २०१७ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने त्याला संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडले. मधली अठरा वर्षे कागदाच्या एका तारखेभोवती गेली.

राहत्या पत्त्याची अट इतकी घट्ट का, याचे उत्तर जम्मू-काश्मीरच्या परवान्यांत मिळते. २०१७ मध्ये राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने एक टोळी पकडली तेव्हा बाहेरच्या लोकांना जम्मू-काश्मीरचे परवाने मिळत असल्याचे उघड झाले. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २०१२ ते २०१६ या काळात तिथल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून पात्र नसलेल्यांना दोन लाख ७८ हजारांहून अधिक परवाने दिले गेल्याचा विभागाचा आरोप आहे. त्यांत पुष्कळ जण त्या राज्याचे रहिवासीच नव्हते. तिथे तैनात असलेल्या जवानांच्या नावावर परवाने काढायचे, दलाल मधे आणि विक्रेत्यांचे हात ओले, अशी ती तऱ्हा. महाराष्ट्रातही खासगी सुरक्षारक्षकांकडे तिकडचे बनावट परवाने सापडल्याच्या कारवाया झाल्या आहेत. ज्याचा पत्ता एकीकडे आणि परवाना दुसरीकडे, त्याची चौकशी कुणी करायची? वसई ठाण्याच्या हवालदाराला जम्मू-काश्मीरमधल्या राजौरीतला अर्जदार माहीत नाही आणि राजौरीच्या ठाण्याला वसईतला.

वसईतून परदेशी गेलेल्या घरांमध्ये हा प्रश्न वेगळ्या वेषात येतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला बंदूक घ्यायची तर आधी त्याचा दर्जा पाहिला जातो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला संघराज्याचा कायदा बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना असणे असे काही मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड झाले की ती आडकाठी जाते. त्यापुढे प्रत्येक राज्य आपापल्या मर्जीचे. जून २०२२ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यू यॉर्कची परमिटासाठीची ‘खास कारण दाखवा’ ही अट घटनाबाह्य ठरवली आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांनाही ती सोडावी लागली. २०२४ पर्यंत २९ राज्यांत तर प्रौढाला परमिटशिवायही बंदूक बाळगता येऊ लागली होती.

तरीही प्रवासी परराज्याची परमिटे गोळा करतात. यूटा आणि फ्लोरिडा ही दोन राज्ये त्यासाठी प्रसिद्ध आहेत. यूटाचे परमिट पाच वर्षांचे, फ्लोरिडाचे सात. यूटाने मान्य केलेला प्रशिक्षक देशात कुठेही वर्ग घेऊ शकतो, त्यामुळे न्यू जर्सीत बसून यूटाचे परमिट मिळवता येते. मात्र आपल्या राज्याने यूटाला मान्यता दिलेली असेल तर आधी आपल्या राज्याचे परमिट आणा, अशी अट २०११ पासून आहे. दुसरे राज्य ते मानते का, हा खरा प्रश्न. मिशिगन आणि कोलोरॅडो परराज्याचे परमिट मानतात, पण धारक त्याच राज्याचा रहिवासी असेल तरच. यूटाचे परमिट घेऊन फिरणारा न्यू जर्सीकर त्यांच्या लेखी बिनपरमिटाचा. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया दुसऱ्या कुणाचेच मानत नाहीत. रहिवासाची अट अमेरिकेतही संपलेली नाही, ती फक्त मान्यतेच्या यादीत जाऊन बसली आहे.

परमिट चालत नसेल त्या राज्यातून नुसते पुढे जायचे असेल तर १९८६ चा संघीय कायदा संरक्षण देतो. जिथून निघालो आणि जिथे जातोय त्या दोन्ही ठिकाणी बंदूक कायदेशीर हवी. वाटेत ती रिकामी आणि बसणाऱ्यांच्या हाताला न लागेल अशा जागी हवी. डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटीत, आणि ती पेटी म्हणजे पुढचा ग्लोव्ह बॉक्स नव्हे. २००५ मध्ये यूटाहून निघालेल्या एका प्रवाशाचे विमान न्यू जर्सीतल्या नेवार्कला चुकले, सामान हाती आले, रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे बंदूक जाहीर केली आणि तिथल्या पोलिसांनी त्याला अटक केली. २०१० मध्ये संघीय अपील न्यायालयाने म्हटले की रात्री बंदूक त्याच्या हाताशी होती, तेव्हा संघीय संरक्षण त्याला लागू नाही. एडिसनहून पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिराला गाडीने जाणाऱ्या कुटुंबाला वेस ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरावे लागते, आणि परतताना पुन्हा न्यू जर्सी. शाळांच्या हजार फुटांच्या आतली संघीय बंदी आणखी वेगळी. तिच्यातली परमिटधारकाची सूट ज्या राज्यात शाळा आहे त्या राज्याच्या परमिटालाच मिळते.

कायमचे परतणाऱ्याच्या सामानात बंदूक असेल तर ही सगळी परमिटे मुंबईच्या सीमाशुल्क कक्षात कुचकामी ठरतात. वास्तव्य हलवणाऱ्याला एक हत्यार आणता येते, पण ते परदेशात किमान वर्षभर त्याच्या ताब्यात व वापरात असायला हवे आणि भारतातल्या परवाना अधिकाऱ्याचा वैध परवाना हाती हवा. त्यातही बोअर पाहावा लागतो. अमेरिकेत सर्वाधिक खपणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, सामान्य परवान्यावर .३२ चे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल, .२२, बारा बोअर अशीच हत्यारे चालतात. तेव्हा ९ मिलिमीटरवाल्याने ते निघण्यापूर्वी तिथल्याच अधिकृत विक्रेत्याला विकून टाकायचे, आणि वसईला आल्यावर बंदूक हवीच असेल तर नवा अर्ज मिरा रोडला द्यायचा.